वाचलेला तास कोणाचा?

सोलापूर आणि मुंबई या दोन शहरांमधले अंतर किती? नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते सुमारे ३६० किलोमीटर भरते. सडकेने सुमारे ४०० किलोमीटर, आणि लोहमार्गाने ४५५ किलोमीटर. वेळेच्या मापाने पाहिले तर विमानाला हे अंतर तोडण्यास साधारण एक तास लागतो. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या वंदे भारत गाडीला साडेसहा तास लागतात आणि रात्री निघणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला आठ तास. याखेरीज आणखी एक उत्तर आहे, जे कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसते. ज्याच्या गावाला दिवसातून एकच एस.टी. येते आणि ती चुकली की दिवस बुडतो, त्याच्या दृष्टीने मुंबई राहो, सोलापूरच एका दिवसाच्या अंतरावर आहे.

अंतर हा भूगोलाचा विषय आहे, असे आपण शाळेत शिकतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि त्याहूनही अधिक राज्यकारभाराचा विषय आहे. दोन गावांमधले मैल कोणी कमी करू शकत नाही. पण ते मैल तोडण्यास कोणाला किती वेळ लागावा आणि त्या वेळेची किंमत कोणी भरावी, हे सरकार ठरवीत असते. सोलापूरच्या विमानसेवेच्या निमित्ताने हा निर्णय आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे, म्हणून त्याची नीट तपासणी करणे आवश्यक आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. होटगी रस्त्यावरचा सोलापूरचा जुना विमानतळ अनेक वर्षे जवळजवळ ओस पडून होता. किंगफिशर कंपनीने तेथून मुंबईसाठी काही काळ विमाने चालवली. ती सेवा बंद पडली आणि २०१२ मध्ये ती कंपनीही बसली. बोरामणी येथे नवा मोठा विमानतळ उभारण्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन होऊन दशकाहून अधिक काळ लोटला. माळढोक अभयारण्याचा हा परिसर; वनजमिनीचा प्रश्न सुटता सुटेना आणि विमानतळही होईना. मग लक्ष पुन्हा होटगी रस्त्याकडे वळले. तेथे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानांच्या वाटेत येते, असा निष्कर्ष निघाला. तिच्या परवानगीचा वाद न्यायालयांपर्यंत गेला, आंदोलने झाली, आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने उद्घाटन झाले. पहिले नियमित विमान मात्र ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी उडाले, म्हणजे चिमणी पडल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. मुंबईची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली.

चिमणीचा वाद आम्हांस येथे उकरावयाचा नाही. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभ्या राहिलेल्या संस्थेची मालमत्ता शहराच्या विकासाच्या नावाने पाडली गेली, तेव्हा या विमानसेवेच्या हिशोबात पहिली जमा शेतकऱ्याच्या खात्यातून पडली आहे. बोरामणीच्या शेतकऱ्याची जमीन ही दुसरी. या दोघांनी किंमत मोजून झाल्यावर तिसरी रक्कम राज्याच्या तिजोरीतून आली, आणि खरी चर्चा तिच्याविषयी करावयाची आहे.

१२ ऑगस्ट २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर–पुणे–मुंबई हवाई मार्गासाठी एका वर्षापुरता व्यवहार्यता तूट निधी मंजूर केला. नाव अवजड आहे, अर्थ साधा. एखाद्या मार्गावर विमान चालवणे कंपनीला परवडत नसेल, तर खर्च आणि उत्पन्न यांच्यातली तूट सरकारने भरून द्यावयाची. येथे ती प्रत्येक आसनामागे ३,२४० रुपये अशी ठरली आणि वर्षाची रक्कम १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये इतकी काढण्यात आली. अंदाजपत्रकातला आकडा शेवटच्या दोनशे रुपयांपर्यंत नेमका असला की तो उलगडून पाहावा, असे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. या रकमेला ३,२४० ने भागले तर ५५,४८० आसने निघतात. त्यांना वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले तर रोजची १५२ आसने. म्हणजे ७६ आसनांच्या विमानाच्या जाण्याची एक खेप आणि येण्याची एक. या मार्गासाठी निवडलेल्या कंपनीच्या एम्ब्रेअर विमानात नेमकी ७६ आसने असतात. त्यांतली १२ उच्च श्रेणीची आहेत. अर्थात, तरतुदीचा हिशोब वर्षाचा प्रत्येक दिवस आणि विमानातले प्रत्येक आसन धरून केलेला आहे. रुंद खुर्चीत बसणारा व्यापारी आणि अरुंद खुर्चीत बसणारा कारकून यांच्यात या तरतुदीने भेदभाव केलेला नाही. समतेचे तत्त्व सरकारला एरवी आठवत नाही. येथे ते आठवले, याची नोंद घ्यावयास हरकत नाही.

आता या ३,२४० रुपयांनी प्रवाशाला काय मिळते, ते पाहू. विमान एका तासात पोहोचते हे खरे. पण प्रवासी एका तासात पोहोचत नाही. घरून विमानतळापर्यंत अर्धा तास, तपासणीसाठी उड्डाणापूर्वी निदान एक तास, प्रत्यक्ष उड्डाण एक तास, मुंबईस उतरून बाहेर पडण्यास अर्धा तास, आणि तेथून फोर्ट किंवा मंत्रालय गाठण्यास एक ते दीड तास. बेरीज चार ते साडेचार तास होते. वंदे भारत गाडीने जाणारा दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा तास धरून साडेसात तासांत पोहोचतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणारा तर झोपेत प्रवास करतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. त्याचा कामाचा एक तासही बुडत नाही. याचा अर्थ, विमानाने वाचणारा वेळ तीन ते साडेतीन तासांचा आहे. ३,२४० रुपयांना त्याने भागले तर एका प्रवाशाचा एक तास वाचवण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून सुमारे एक हजार रुपये खर्ची पडतात. तिकिटाचे पैसे तो स्वतः देतो, ते वेगळे.

सोलापुरात हजार विड्या वळावयास एका स्त्रीचा सबंध दिवस जातो. पाने भिजवणे, कातरणे, तंबाखू भरणे, दोऱ्याने बांधणे, आणि मग तयार माल घेऊन कारखान्यात रांगेत उभे राहणे. त्या हजार विड्यांची मजुरी वरच्या एका तासाच्या रकमेच्या आसपासही पोहोचत नाही. बाजाराने श्रमाच्या तासाची किंमत विषम ठरवली आहे, ही जुनीच गोष्ट. परंतु बाजाराने केलेल्या या मूल्यमापनावर सरकारने आपल्या तिजोरीतून शिक्कामोर्तब करावे, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे. ज्याच्या तासाला बाजार आधीच अधिक किंमत देतो, त्याचाच तास वाचवण्यासाठी सरकार पैसे घालते. ज्याच्या तासाला बाजार कवडीमोल समजतो, त्याचा तास सरकारच्या हिशोबातही शून्य धरला जातो.

येथे कोणी म्हणेल की समाजवाद्यांना विमानाचा द्वेष आहे आणि सोलापूर पुढे गेलेले त्यांना पाहवत नाही. हा आरोप आम्ही स्वीकारीत नाही. सोलापूरची माणसे वर्षानुवर्षे या सेवेची वाट पाहत होती आणि त्यांचा आनंद खरा आहे. तातडीच्या उपचारासाठी मुंबई गाठावी लागणारा रुग्ण, परदेशी ग्राहकाला टॉवेलचे नमुने दाखवू पाहणारा यंत्रमागधारक, परगावी नोकरी करणारी आणि आईवडिलांना भेटावयास येणारी मुलगी, या सर्वांना विमान उपयोगी पडते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट या तीर्थक्षेत्रांमुळे बाहेरून येणाऱ्या प्रवाशांचीही सोय होते. विमान हे श्रीमंतांचे म्हणून वाईट आणि बैलगाडी गरिबांची म्हणून चांगली, असा भाबडा विचार समाजवादाने कधी केला नाही. यंत्र कोणाच्या सेवेस लावले जाते, एवढाच आमचा प्रश्न असतो.

किंबहुना तूट भरून देण्यामागचे तत्त्व आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. सरकारचे म्हणणे असे की, हा मार्ग समाजाला आवश्यक आहे. परंतु केवळ नफ्याच्या गणितावर तो चालणार नाही. म्हणून समाजाने आपल्या सामाईक निधीतून त्याची तूट सोसावी. सार्वजनिक वाहतुकीचे समर्थन आजवर कोणत्याही समाजवाद्याने याहून नेमक्या शब्दांत केलेले नाही! वाहतुकीचा लाभ फक्त तिकीट काढणाऱ्याला मिळत नाही. तो बाजारपेठेला, शाळेला, दवाखान्याला, सबंध परिसराला मिळतो, म्हणून तिचा सबंध खर्च तिकिटातून वसूल करणे अन्यायाचे असते. सरकारने हे तत्त्व स्वीकारले, याचे आम्ही स्वागतच करू. आमची तक्रार एवढीच की, जमिनीपासून काही हजार फूट उंचीवर ते जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे जमिनीवर दिसत नाही.

जमिनीवर काय दिसते? १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तिचा विस्तारच मुळी या विचारावर झाला की, फायद्याच्या मार्गावरचे उत्पन्न तोट्याच्या मार्गावर खर्च करून खेडोपाडी गाडी न्यावयाची. आज राज्यात रोज ५० लाखांच्या आसपास माणसे तिच्याने प्रवास करतात. या एस.टी.च्या तिकिटाच्या उत्पन्नावर राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे; विमानाच्या साध्या श्रेणीच्या तिकिटावरचा वस्तू व सेवा कर मात्र ५ टक्के. एस.टी.च्या डिझेलवर राज्याचा कर शेकडा २० च्या वर. आणि केंद्राच्या ‘उडान’ योजनेत सहभागी होताना २०१६ मध्ये राज्याने जो करार केला, त्यानुसार योजनेतल्या विमानतळांवर भरल्या जाणाऱ्या विमानाच्या इंधनावरचा कर शेकडा १. महाराष्ट्राच्या त्या १० विमानतळांच्या यादीत सोलापूरही होते. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, कारण महामंडळाचा तोटा वाढला होता. त्याच वर्षी, अवघ्या साडेसहा महिन्यांनी, विमानाचा तोटा मंत्रिमंडळाच्या बैठकीत भरून देण्यात आला. विमानाला पैसे दिले की ती ‘तूट भरपाई’ आणि विकासाची गुंतवणूक, एस.टी.ला दिले की तो ‘तोटा’ आणि तिजोरीवरचे ओझे. शब्द बदलले की धोरण बदलते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, एस.टी.ला सरकार काहीच देत नाही असे नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट या सवलतींची भरपाई सरकार महामंडळास देते. या सवलतींनी काय साधले, हे कोणत्याही बसस्थानकावर उभे राहिले तरी दिसते. माहेरी, बाजाराला, दवाखान्यात, परीक्षेला जाणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने घराबाहेर पडू लागल्या. सार्वजनिक पैसा बसभाड्यात घातला तर तो कोणापर्यंत पोहोचतो, याचा हा धडधडीत पुरावा होय. पण तिकीट अर्धे झाले आणि गाडीच आली नाही, तर त्या अर्ध्या तिकिटाचे करावयाचे काय? सवलत प्रवाशाला मिळाली. गाड्यांची संख्या, त्यांची स्थिती आणि खेड्याकडे जाणाऱ्या फेऱ्या यांच्या तुटीचा प्रश्न तसाच राहिला.

गाडी नसली म्हणजे काय होते, हे २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात महाराष्ट्राने अनुभवले. त्या महिन्यांत करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांतली खेडी जागची हलली नव्हती. सोलापूरपासूनचे त्यांचे अंतर मात्र वाढले होते. ज्याच्याजवळ मोटारसायकल होती तो गेला, ज्याच्याजवळ नव्हती त्याची शाळा बुडाली, मजुरी बुडाली. अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही ते यासाठी.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. असे सांगितले जाते की, विमान आले की उद्योग येतील, उद्योग आले की रोजगार येईल, आणि मग विडी कामगाराच्या मुलाला पुण्याची वाट धरावी लागणार नाही. वरून ओतलेले पाणी झिरपत खाली येईल, अशा या युक्तिवादाशी अर्थशास्त्राचा विद्यार्थी परिचित असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण आपोआप खरा ठरणाराही नाही. ‘उडान’ योजनेचा अनुभव काय सांगतो? हवाई चपला घालणारा माणूस विमानात बसावा, अशी घोषणा २०१७ मध्ये झाली. त्यानंतर योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांविषयी महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ मध्ये संसदेपुढे आला. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली. आणि त्यांतलेही ५४ मार्गच अनुदान संपल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले. अनुदान संपले की विमानही नाहीसे होते, असा हा बहुतेक ठिकाणचा अनुभव. सोलापूरने किंगफिशरच्या काळात त्याची एक चव घेतलेली आहे. ज्या सेवेचे आयुष्य वर्षावर्षाच्या मंजुरीवर अवलंबून आहे, तिच्या भरवशावर कोणताही शहाणा उद्योजक कारखाना उभारीत नाही. कारखान्याला आधी पाणी लागते, वीज लागते, कुशल कामगार लागतो आणि त्या कामगाराला वेळेवर कामावर पोहोचवणारी बस लागते.

दळणवळणाने शहर घडते, हे सोलापूरला शिकवावयास नको. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापुरास पोहोचला. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण झाल्यावर मुंबई थेट जोडली गेली. ती रेल्वे सोलापूरकरांच्या कल्याणासाठी आली नव्हती. दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात जावा, हा तिचा हेतू होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे त्या वेळी कापसाला सोन्याचा भाव आला होता. तरीही त्याच लोहमार्गाच्या आधाराने १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, मागोमाग इतर गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर आले आणि हे श्रमिकांचे शहर उभे राहिले. मालकाच्या सोयीसाठी घातलेल्या रुळांवरून मजूरही प्रवास करू शकला, याचे कारण त्या गाडीला तिसरा वर्ग होता. तो वर्ग हालअपेष्टांचा होता. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये त्या हालांना वाचा फोडली. पण तो होता. विमानाला तिसरा वर्ग नाही, आणि रेल्वेची आणि विमानाची तुलना करताना नेमका हाच फरक विसरला जातो.

रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावाने रद्द झाला. त्यानंतर १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गाद्या बसवण्याचे धोरण आणले. पहिला वर्ग खाली ओढण्यापेक्षा दुसरा वर्ग वर उचलावा, ही त्यामागची दृष्टी होती. गोष्ट दिसावयास लहान; पण कोट्यवधी माणसांच्या पाठीचा विचार एका मंत्र्याने केला होता. समाजवादी वाहतूक धोरण म्हणजे काय, असे कोणी विचारले तर एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. अधिकाधिक माणसांच्या प्रवासातला त्रास कमी करावयाचा, आणि तो कमी करताना सर्वांत खालच्या डब्यापासून सुरुवात करावयाची.

त्या दृष्टीने आजच्या सोलापूरकडे पाहावे. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान सोलापुरास आले. त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. सोलापूरहून तुळजापूरमार्गे उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, जाणारा लोहमार्ग मंजूर झाल्याचे जाहीर झाले. आणि कुंभारी येथे असंघटित कामगारांच्या ३० हजार घरांच्या रे नगर वसाहतीची पायाभरणी झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. त्याआधी २००६ मध्ये त्याच कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली होती. झोपडीतून पक्क्या घरात जाणे ही कामगारांच्या दीर्घ लढ्याची मोठी कमाई आहे. परंतु ही घरे शहराबाहेर आहेत, आणि काम, बाजार, कॉलेज, रुग्णालय शहरात आहे. घर मिळाले आणि अंतर वाढले. ते अंतर तोडण्यासाठी शहर बससेवा हवी. सोलापूर महापालिकेच्या परिवहन सेवेची काय दशा झाली आहे, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. परिणामी प्रत्येक कुटुंबाच्या मिळकतीतला एक वाटा रोज रिक्षाच्या भाड्यात जातो. या मार्गाच्या व्यवहार्यतेची तूट कोणी काढली आहे काय? ती तूट आज कामगार स्त्री स्वतःच्या पदरातून भरते, म्हणून ती कोणत्याही मंत्रिमंडळापुढे येत नाही.

वर्षाला १८ कोटी रुपये ही राज्याच्या अंदाजपत्रकात क्षुल्लक रक्कम आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण सोलापूर शहराच्या मापाने ती क्षुल्लक नाही. साध्या बसगाडीची किंमत ३५ ते ४० लाख रुपये धरली, तर एवढ्या पैशात ४५ ते ५० गाड्या येतात. आणि विमानाचे अनुदान वर्षअखेर संपून जाते, गाडी मात्र दहा वर्षे धावते. विमान बंद करून बस घ्या, असे आम्ही म्हणत नाही. जे सरकार विमानासाठी १८ कोटी काढू शकते, ते बससाठी पैसे नाहीत असे म्हणू शकत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावरून काही मागण्या सरळ निघतात. पहिली, हिशोबाची. सोलापूरच्या विमानसेवेवर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचा, उडालेल्या खेपांचा आणि भरलेल्या व रिकाम्या आसनांचा तपशील दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावा. लोकांचा पैसा रिकाम्या खुर्चीसाठी गेला की माणसासाठी, हे लोकांना कळले पाहिजे. दुसरी, समान तत्त्वाची. ‘समाजाला आवश्यक पण नफ्यात न चालणारा मार्ग’ ही कसोटी एस.टी.च्या खेड्याकडच्या फेऱ्यांना आणि शहर बससेवेला लागू करून त्यांची मार्गवार तूट सरकारने भरून द्यावी. तिसरी, कराची. एस.टी.वरचा प्रवासी कर रद्द करावा आणि तिच्या डिझेलवरचा कर विमानाच्या इंधनाच्या पातळीवर आणावा; यात नवे असे काही मागितलेले नाही, जे दिलेले आहे तेच खालच्यांनाही मागितले आहे. चौथी, रेल्वेची. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४ किलोमीटरचा मार्ग ठरलेल्या मुदतीत पुरा व्हावा, आणि मुंबई–पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना साध्या श्रेणीचे डबे वाढवावेत. पाचवी, ज्यांनी किंमत मोजली त्यांची. बोरामणीच्या संपादित जमिनीचे पुढे काय, याचे स्पष्ट उत्तर तिथल्या शेतकऱ्यांना मिळावे.

मागण्या लिहिणे सोपे असते. त्यांच्यामागे बळ उभे करणे हे कार्यकर्त्यांचे काम. त्यासाठी एक सूचना कराविशी वाटते. सरकारजवळ विमानप्रवाशाच्या तासाचा हिशोब आहे, कारण तो कोणीतरी कागदावर मांडला. कष्टकऱ्यांच्या तासांचा हिशोब कोणीच मांडलेला नाही. तो आपण मांडावा. रे नगर आणि गोदूताई वसाहतीत, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर, तालुक्याच्या बसस्थानकांवर, सकाळी सहाला सुटणाऱ्या गाडीच्या रांगेत कार्यकर्त्यांनी वही घेऊन उभे राहावे आणि साधे तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही रोज किती तास वाटेत घालवता? त्यांतले किती तास नुसती वाट पाहण्यात जातात? आणि या प्रवासावर मिळकतीतले किती पैसे खर्च होतात? हजारभर माणसांची उत्तरे नोंदली गेली तरी असा एक दस्तऐवज तयार होईल, की ज्याच्यासमोर ‘पैसे नाहीत’ हे उत्तर टिकणार नाही. पालकमंत्री, महापालिका, एस.टी.चे विभाग नियंत्रक यांच्यासमोर घोषणांबरोबर हा हिशोबही ठेवला पाहिजे.

सोलापूर मुंबईपासून एका तासाच्या अंतरावर आले, याचा कोणाला आनंद झाला असेल तर त्याने तो जरूर मानावा. पण कुंभारीची विडी कामगार आपल्या कारखान्यापासून, सांगोल्याची विद्यार्थिनी आपल्या कॉलेजपासून आणि करमाळ्याचा रुग्ण सोलापूरच्या सरकारी रुग्णालयापासून किती तासांच्या अंतरावर आहे, हे विचारण्याचा अधिकार त्या आनंदाने संपत नाही. शहराची प्रगती त्यातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या वेगावरून मोजावयाची नसते. ज्याला सर्वांत अधिक वेळ लागतो, त्याचा वेळ किती कमी झाला यावरून ती मोजावयाची असते.